खोटे तेवढे काढावे

सिद्धलिंगाचे शालेय शिक्षण सातवीलाच थांबले होते. परंतु लातूरच्या एका छापखान्यात बावीस वर्षे खिळे जुळविताना त्याच्या बोटांखालून जेवढी मराठी भाषा गेली, तेवढी पुष्कळ पदवीधरांच्या डोळ्यांखालूनही गेली नसेल. लग्नपत्रिका, मानपत्रे, सोसायट्यांचे अहवाल, निवडणुकीची आवाहने, श्रद्धांजलीची पत्रके हे सारे त्याने शिशाच्या अक्षरांत उभे केले होते. शिशाचे अक्षर उलटे असते. ते उलटे वाचण्याची सवय त्याला एवढी जडली होती की, सुलटे वाचताना तो किंचित अडखळत असे.

गेल्या चार-पाच वर्षांत छापखान्याचा नूर मात्र पालटला होता. शहरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते. उमरी-देगलूरपासूनची मुले लातुरात खोल्या करून राहत होती, आणि त्या मुलांना लागणाऱ्या नोट्स, प्रश्नसंच व हमखास उत्तरे छापण्यासाठी मालक रेवणप्पांचे जुने यंत्र सकाळपासून दिवेलागणीपर्यंत धडधडत होते. मोठी कामे संगणकावाल्यांकडे गेली होती. उरलेली रेवणप्पांकडे येत.

सन १९९८च्या आषाढात अशाच एका निबंधांच्या पुस्तकाचे हस्तलिखित सिद्धलिंगाच्या टेबलावर आले. ते रुद्रेश सरांचे होते. सर दहावीला मराठी शिकवीत, आणि त्यांच्या क्लासात जागा मिळावी म्हणून पालक सकाळी सहापासून रांग लावीत. सिद्धलिंगाची मुलगी मंजुश्री त्याच क्लासात जात होती. अठरा निबंध त्याने दोन दिवसांत जुळविले. एकोणिसाव्याचे शीर्षक होते 'भूकंपग्रस्ताचे मनोगत'. त्याने पहिल्या ओळीचे खिळे उचलावयास हात घातला आणि तो हात तसाच राहिला.

"होय, मीच तो दुर्दैवी भूकंपग्रस्त! अरेरे! गणरायाला निरोप देऊन मी गावच्या पारावर विसावलो होतो. माझी सुस्वभावी पत्नी मात्र घरात निजली होती. हाय रे दैवा!"

पारावर निजलेला माणूस म्हणजे सिद्धलिंग स्वतः होता.

१९९३च्या त्या भूकंपाच्या काळी तो आठवडाभर लातुरात काम करी आणि सणावाराला गावी जाई. गणपती बोळवून तो गावातल्या पारावर आडवा झाला होता, म्हणून वाचला. नऊ वर्षांची मंजुश्री आजीकडे उदगीरला होती, म्हणून तीही वाचली. घरात एकटी नीलम्मा होती. हे सारे त्याने आयुष्यात एकाच माणसाला सांगितले होते. दोन वर्षांपूर्वी रुद्रेश सर एका भर दुपारी प्रूफ नेण्यासाठी आले होते, वीज गेली होती, यंत्र बंद होते, आणि सरांनी सहज विचारले होते, "अप्पा, तुम्ही तिकडचेच ना?" काय झाले कोण जाणे, सिद्धलिंग बोलत गेला. सरांचा चहा निवून गेला. शेवटी सरांनी चष्मा काढून पुसला होता, हे त्याला चांगले आठवत होते.

आता तेच सारे त्याच्यापुढे सरांच्या वळणदार अक्षरांत पडले होते. तो पुढे वाचत गेला आणि त्याची कानशिले तापू लागली.

नीलम्मा सुस्वभावी कधीच नव्हती. ती तोंडाची फटकळ होती. एकदा तर तिने पाणक्याच्या घागरी रस्त्यात उपड्या केल्या होत्या. हे त्याने सरांना हसत सांगितले होते. पुढे लिहिले होते, "तिच्या गळ्यातील मंगळसूत्र उतरविताना माझे हात थरथर कापत होते." सिद्धलिंगाने मंगळसूत्राचा उल्लेखही केला नव्हता. त्याने सांगितले होते ते लिंगाविषयी. लिंगायताच्या गळ्यातले इष्टलिंग मेल्यावरही माणसाला सोडत नाही. देहाला बसता करून, विभूती लावून, लिंग तळहातावर ठेवून समाधी देतात, आणि ते त्याच्यासह मातीत जाते. त्या दिवशी समाधी देणे शक्य नव्हते. खड्डे खोदायला माणसे उरली नव्हती, मंत्र म्हणणारा जंगम स्वतः ढिगाऱ्याखाली होता, वरून पाऊस पडत होता, आणि पलटणीचे लोक रोगराईच्या भीतीने घाई करीत होते. म्हणून गावाने आपले मृत जाळले. अग्नीत लिंग जाऊ नये एवढ्यासाठी त्याने नीलम्माच्या गळ्यातले लिंग काढून घेतले होते. एवढी मोठी गोष्ट सरांनी एका मंगळसूत्राने मिटविली होती.

त्याच्या पुढचे वाक्य असे होते :

"आमच्याच घराच्या तुळया रचून मी स्वतःच्या हातांनी तिच्या चितेला अग्नी दिला!"

हे वाक्य सिद्धलिंगाने पुन्हा वाचले. हे त्याने सरांना सांगितले नव्हते. "तुळया आमच्याच घरच्या होत्या. ओल्या होत्या. रॉकेल टाकलं. जाळलं." एवढेच तो बोलला होता. कोणी जाळले ते त्याच्या वाक्यात नव्हते. पाच वर्षांत त्याने आपल्या मनाशी बोलतानाही ते आणले नव्हते. आणि घडले होते ते नेमके सरांनी लिहिल्याप्रमाणेच. पलटणीच्या जवानाने पलिता पुढे केला होता, आणि तो सिद्धलिंगाने हातात घेतला होता.

ही गोष्ट घरी कोणालाच ठाऊक नव्हती. मंजुश्रीला आणि नागम्माला त्याने सांगितले होते की, नीलम्माला आपल्याच शेतात रीतसर समाधी दिली. नागम्मा ही नीलम्माची आई, म्हणून त्याची सासू. परंतु त्याआधी ती त्याची थोरली बहीण होती, कारण त्या भागात भाचीशी लग्न लावण्याची रीत जुनी आहे. म्हातारीला पोरीचा देह आगीत गेला हे कोणत्या तोंडाने सांगावयाचे? त्याने शेताच्या बांधाशी एक दगडी ओटा बांधला. दर वर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी तिघे तेथे जात, बेल वाहत, नैवेद्य ठेवीत. ओट्याखाली काहीही नव्हते.

हस्तलिखिताच्या तळाशी सरांनी चौकटीत एक सूचना लिहिली होती : 'या निबंधात शोकदर्शक अव्यये किमान चार, उद्गारार्थी वाक्ये सहा व देवास विचारलेला एक प्रश्न असावा. भावनेस तीन गुण.'

व्याकरणाच्या पुस्तकांत प्रत्येक भावनेला शब्द नेमून दिलेले आहेत. हर्षाला अहाहा, तिरस्काराला शी, आणि शोकाला अरेरे, हाय, अगाई. सिद्धलिंगाने अशी व्याकरणे जुळविली होती आणि ती त्याला तोंडपाठ होती. परंतु पत्र्याच्या छावणीत तो सात महिने राहिला होता. तेथे अरेरे म्हणणारा माणूस त्याला भेटला नव्हता. तेथे लोक म्हणत, "चौघं हुतो. आता मी हाय." म्हणत, "म्हैस वाचली." एक बाई दिवसभर एवढेच म्हणे, "पीठ मळून ठेवलं हुतं." त्या वाक्यांत उद्गार नव्हता आणि देवाला प्रश्नही नव्हता. पुष्कळदा तर कर्ताच नसे. घर पडले, माणसे काढली, नेली, जाळली. दुःखाने माणसांच्या वाक्यांतून माणूसच काढून नेला होता. आणि इकडे शहरात त्याच दुःखाला चार अव्ययांचे आणि सहा चिन्हांचे माप लावून ते तीन गुणांना तोलले जात होते!

"काय मियाँ, हात का थांबला?" यंत्रावरच्या मकबूलने विचारले. दोघे वीस वर्षांचे सोबती होते. "उद्गारचिन्हं संपली का? रुद्रेश सराच्या मजकुराला दर बारी पसेरीभर लागतात."

"मकबूल, हे बग."

मकबूलने शाईचा हात फडक्याला पुसून कागद घेतला. त्याला मराठी सावकाश वाचता येई. वाचून झाल्यावर त्याने कागद हळूच टेबलावर ठेवला.

"तुझंच हाय की रे."

"हाव."

"तुला इचारलं का त्यांनी?"

"न्हाई."

"आपली भाभी सुस्वभावी?" मकबूल म्हणाला. "माझ्या डब्यातली मिरची कमी तिखट हाय म्हनून मला सुनावून गेलती ती. तिला कळलं तर सराचं काही खरं न्हाई."

सिद्धलिंगाला हसू आले नाही. कागदाची घडी खिशात घालून तो भर दुपारी घरी निघाला.

घरी पोचण्याआधीच त्याला मंजुश्रीचा आवाज ऐकू आला. सरांनी तो निबंध क्लासात आधीच उतरवून दिला होता. साठ मुलांना तो पाठ करावयाचा होता. मंजुश्री खोलीत येरझारा घालीत, सरांनी शिकविल्याप्रमाणे ठिकठिकाणी आवाज चढवीत म्हणत होती, "अरेरे! धरणीमातेनेच आपल्या लेकरांना गिळावे काय? देवा, कुठे होतास तू?"

नागम्मा उंबऱ्याशी सुपातले तांदूळ निवडीत बसली होती. पुस्तकी मराठी तिला अर्धीच उमजे. ती हात थांबवून ऐकत होती, आणि तिचा चेहरा परक्याच्या दारी मयत पाहावे तसा झाला होता.

"मंजव्वा, कुनाची बाई गेली म्हंती ती?"

"कुणाची न्हाई, आज्जी," मंजुश्री म्हणाली. "निबंध हाय."

"मग कशाला रडाया लागलीस?"

"रडत न्हाई. असं म्हनलं तर मार्क हायत."

म्हातारी पुन्हा तांदूळ निवडू लागली. सिद्धलिंग दारातच उभा होता. ज्या बाईच्या पोटची पोर गेली, तिने त्याच मरणाची कहाणी ऐकून विचारावे की कुणाची बाई गेली. आणि ज्या मुलीची आई गेली, तिने उत्तर द्यावे की कुणाची नाही! सिद्धलिंग आयुष्यात कोणावर हात टाकणारा माणूस नव्हता. परंतु त्या क्षणी रुद्रेश सर समोर असते तर काय झाले असते, ते सांगता येत नाही. पाणीही न पिता तो आल्या पावली वळला आणि क्लासकडे चालू लागला.

क्लास एका लोखंडी सामानाच्या दुकानाच्या माडीवर होता. एक तुकडी सुटली होती, दुसरी भरावयाची होती, आणि सर फळा पुसत होते.

"या अप्पा. प्रूफ आणलं का?"

"प्रूफ न्हाई आणलं, सर. इचारायला आलो. एकोणिसावा निबंध कुणाचा हाय?"

सरांनी डस्टर खाली ठेवले. ते खोटे बोलले नाहीत, हे येथे नमूद केले पाहिजे.

"तुमचा आहे," ते म्हणाले. "तुम्ही सांगितलंत त्या दिवसापासून तो डोक्यातून गेला नाही. म्हणून लिहिला. पण तुमचं नाव कुठं घातलं का? गावाचं तरी?"

"घातलं असतं तर बरं झालं असतं. नाव न्हाई म्हनून तो कुणाचाबी झालाय. साठ पोरं घराघरांतनं म्हनून राहिलीत, माझी बायको मेली. माझी पोरगी बी म्हनून राहिली. तिला म्हाईत सुदिक न्हाई, ती कुणाबद्दल म्हन्ती ते."

"अप्पा, बसा."

"बसत न्हाई. मंगळसूत्र कुठनं आलं? मी लिंग म्हनलो हुतो. तुमच्या गळ्यात बी हाय की."

सरांचा हात नकळत सदऱ्याच्या आतल्या दोऱ्याकडे गेला आणि परत आला.

"हे बघा, पेपर तपासणारा कुठला असेल सांगता येत नाही. इष्टलिंग म्हणजे काय हे त्याला समजावून द्यायला तीन ओळी जातात. मंगळसूत्र एका शब्दात भागतं. पोरांना निबंधाला वीस मिनिटं असतात."

"आन् अरेरे?"

"त्याला गुण आहेत."

"रडायला गुण?"

"रडायला नाहीत. रडतोय हे दिसायला आहेत. तपासणारा दिवसाला पन्नास पेपर बघतो, अप्पा. त्याला खूण लागते. ती दिली नाही तर तो म्हणतो, निबंध कोरडा आहे. गेल्या वर्षी माझ्या चाळीस पोरांना निबंधात पंधरापैकी तेरा पडले. खेड्यातली पोरं आहेत ती. त्यांना तेरा पडतात याचं तुम्हाला वाईट वाटतं का?"

"न्हाई वाटत," सिद्धलिंग म्हणाला. "पर मला एक सांगा. त्या दिवशी मी तुमच्यापुढं बोललो, तवा किती बार अरेरे म्हनलो?"

सरांनी डस्टर उचलून पुन्हा खाली ठेवले.

"किती बार, सर?"

"एकदाही नाही."

"मग तुमच्या डोळ्याला पाणी कशानं आलं?"

जिन्यावर दुसऱ्या तुकडीच्या मुलांची गलबल सुरू झाली होती. सरांनी दार लोटून घेतले. मग ते शिक्षकाच्या आवाजात नव्हे, शेजाऱ्याच्या आवाजात म्हणाले, "बरं. निबंध काढून टाकता येणार नाही, पोरांना दिलाय. पण खिळे तुमच्याच हातात आहेत. त्यात जे खोटं असेल तेवढं तुम्ही काढा. मंगळसूत्र काढा, लिंग घाला, तीन ओळी लागल्या तर लागू द्या. अरेरे काढा. सुस्वभावी काढा. पोरांना मी पुन्हा उतरवून देईन. एखादा गुण गेला तर मी पालकांना तोंड देतो. मात्र खरं ते काढायचं नाही. खरं तेवढंच तर त्यात तुमचं आहे."

सिद्धलिंगाची अशी अपेक्षा नव्हती. तो भांडावयास आला होता, आणि समोरच्याने पाट मांडून दिला होता. त्याने खिशातला कागद उलगडला आणि एका वाक्यावर बोट ठेवले.

"हे बी."

सरांनी वाक्य वाचले. चितेचे वाक्य होते.

"हे खोटं आहे का?" त्यांनी विचारले. "तुम्ही नुसतं 'जाळलं' म्हणालात, अप्पा. कुणी ते बोलला नाहीत. मनोगत आहे, तिथं 'मी' लागतो, म्हणून मी घातला. दुसऱ्या कुणी दिला असेल अग्नी, तर सांगा. आत्ता खोडतो."

सरांनी खिशातले पेन काढून टोपण उघडले आणि ते वाट पाहत राहिले. त्यात टोमणा नव्हता. केवळ 'खोटं हाय' एवढे दोन शब्द बोलावयाचे होते. वाक्य गेले असते, मंजुश्रीने ते कधी पाठ केले नसते, ओटा जागच्या जागी राहिला असता. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांची वाक्ये लावली होती; हे पहिलेच वाक्य त्याच्या मालकीचे होते, आणि ते खोटे आहे असे त्याला म्हणवत नव्हते.

"बगतो," तो म्हणाला आणि जिना उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने एकोणिसावा निबंध जुळविला. अरेरे गेले. हाय रे दैवा गेले. सुस्वभावीच्या जागी 'तोंडाची फटकळ' आली. मकबूलने मान डोलावून तिला मंजुरी दिली. मंगळसूत्राच्या जागी लिंग आले आणि त्याला तीनच ओळी लागल्या. देवाला विचारलेला प्रश्न त्याने काढला, कारण त्या दिवशी देवाची आठवण कोणाला झाली होती असे त्याला आठवत नव्हते. मग चितेचे वाक्य आले. त्याने ते जुळविले. मग दोन्ही हातांच्या बोटांत ते अख्खे उचलून धरले, आणि कितीतरी वेळ तसाच बसला.

"ठेवतो का काढतो?" मकबूल यंत्रापाशी शाई घोटीत म्हणाला. त्याला सारे कळले होते; विचारले मात्र त्याने पानाविषयी विचारावे तसे.

"सर म्हनलेत खोटं तेवढं काढा."

"मग?"

"हे खोटं न्हाई, मकबूल."

मकबूलने शाईचा घोटणा खाली ठेवला. "मला वाटलंच हुतं," तो म्हणाला. "त्या साली तू परत आलास तवा तुझ्या उजव्या हाताचे केस जळाले हुते. मी इचारलं न्हाई. आमच्यात बी पुरतात, भाई. असं कुणाला इचारावं?" घोटणा पुन्हा उचलीत तो म्हणाला, "घरी म्हाईत न्हाई?"

"न्हाई."

"मग आज प्रूफ घरी घेऊन जा."

सिद्धलिंगाने वाक्य जागेवर बसविले. शेवटचे उद्गारचिन्ह तेवढे काढून तेथे टिंब घातले.

प्रूफ तपासण्याची त्यांच्या घरची एक पद्धत होती. मंजुश्री हस्तलिखित मोठ्याने वाची आणि सिद्धलिंग प्रूफावर पेन्सिल फिरवी. त्या दुपारी त्याने उलटे केले. छापील प्रूफ तिच्या हाती दिले आणि म्हणाला, "तू बग. मी ऐकतो."

मंजुश्री भिंतीला टेकून वाचू लागली. पहिल्या दोन ओळींतच ती थबकली.

"अप्पा, हे पालटलंय."

"सर म्हनले, पालटा."

"फटकळ?" ती हसली. "अव्वा फटकळ हुती की. मला आठवतंय." आणि हसता हसताच तिचे हसू विरत गेले. तिने कागद डोळ्यांजवळ नेला. पार, पाऊस, तुळया, लिंग. तिने आवाज चढविला नाही. वाचता वाचता तो आपोआप खाली येत गेला. निबंध कोणाचा आहे हे तिला कोणी सांगितले नाही. तिला ते कळले.

मग तिने हात पुढे केला. "पेन्सिल द्या, अप्पा. एक चूक राहिली."

"कुठं?"

"चितेचं वाक्य राहिलं. मंगळसूत्र काढून लिंग घातलंत, मग हे कसं ठेवलंत? अव्वाला समाधी दिली की. आपुन काय जाळतो का?" तिने पेन्सिलीचे टोक त्या ओळीवर टेकविले. "खोडू?"

बाहेरच्या खोलीत नागम्मा सूप घेऊन बसली होती. तांदळाचा आवाज येत होता.

"नको," सिद्धलिंग म्हणाला.

"खोटं हाय की पर."

"खोटं न्हाई."

मंजुश्रीची पेन्सिल कागदावरून उचलली गेली नाही.

"त्या दिवशी पुरायला जमलं न्हाई," तो म्हणाला. "पाऊस हुता. माणसं नव्हती. जाळलं सगळ्यांना. अव्वाला बी."

"मग ओट्याखाली काय हाय?"

"माती."

"निस्ती माती?"

"हाव."

"चार वर्सं मी तिथं बेल वाहिला," मंजुश्री म्हणाली. निवडलेल्या तांदळासारखा एकेक शब्द वेगळा पडत होता. "गेल्या साली मी तिथं बसून अव्वाला समदं सांगितलं. शाळेचं. माझ्या अंगाचं बी. तुमी बांधावर हुबे हुता. तुमाला म्हाईत हुतं, खाली कुणी न्हाई. तुमी मला बोलू दिलं."

"हाव."

"इस्तव कुणी लावला?"

"पलटणीचे लोक आलते. पलिते त्यांनीच आणले. लावला मग..."

"कुणी म्हनून इचारते मी."

हा प्रश्न पाच वर्षांत त्याला कोणी विचारला नव्हता. छावणीत नाही, पंचनाम्यात नाही. पंचनाम्यात तर लिहिले होते, 'सामूहिक अंत्यविधी करण्यात आला.' करण्यात आला! जणू तो आकाशातून उतरला आणि आपला आपण होऊन गेला.

"मी," सिद्धलिंग म्हणाला. "मी लावला, मंजू. माझ्या हातानं."

मंजुश्री उठून उभी राहिली. तिने प्रूफाचा कागद त्याच्या मांडीवर ठेवला, फेकला नाही.

"मग सरांवर कशापायी भडकलाव?" ती म्हणाली. "काल उपाशी पळत गेलाव त्यांच्याकडं, आज्जीनं बघितलं. त्यांनी एक मंगळसूत्र घातलं. तुमी अख्खी समाधी बांधली."

दोन दिवस सिद्धलिंग ज्या संतापावर उभा होता, तो खोटा नव्हता. सरांनी केले ते आजही त्याला अन्यायाचेच वाटत होते. परंतु पोरगी म्हणाली त्यात अक्षराचीही चूक नव्हती, आणि चूक नसलेल्या मजकुरावर पेन्सिल चालवता येत नाही, हे त्याला कोणाहूनही अधिक ठाऊक होते.

"मला सांगितलं असतं तर काय झालं असतं?" ती म्हणाली. "मी नऊ वर्सांची हुते, मुकी न्हवते. रडले असते. तुमाला शिव्या दिल्या असत्या. ते बी तुमी मला करू दिलं न्हाई. मग काल मी अरेरे करून म्हनत बसले तर तुमाला का लागलं?"

तिने ओढणीने तोंड पुसले. बाहेर सुपाचा आवाज केव्हाच थांबला होता, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आले.

"आज्जीला?" मंजुश्री हळू म्हणाली.

सिद्धलिंग उठला. प्रूफ त्याने बरोबर घेतले नाही. उंबऱ्यापलीकडे नागम्मा सूप मांडीवर घेऊन बसली होती. दारातून येणारा उजेड नेमका तिच्या सुपावर पडत होता. तो तिच्यापुढे उभा राहिला, मग उकिडवा बसला, पोरवयात तिच्यापुढे बसे तसा.

"अक्का," तो म्हणाला. "मी नीलूला पुरलं न्हाई. मी जाळलं."

नागम्माने मान वर केली नाही. तिच्या बोटांत एक खडा होता. तो तिने बराच वेळ फिरविला.

"पाऊस हुता म्हनं त्या दिवशी," ती म्हणाली.

"हाव."

"नीट पेटलं का?"

"पहिल्यांदा न्हाई पेटलं. मी तीनदा लावलं. मग दुपारपतुर पेटलं."

"तू हुतास तिथं? पुरं हुईस्तवर?"

"हाव, अक्का. मी हुतो."

म्हातारीने खडा अंगणात फेकला. मग ती बोलली तेव्हा तिच्या आवाजात एवढा राग होता की, आत उभी असलेली मंजुश्री दारापर्यंत आली.

"सरक तिथनं. माझ्या उजेडात बसलास. मला तांदूळ दिसंना."

सिद्धलिंग बाजूला सरला. उठून मात्र गेला नाही. नागम्मा तांदूळ निवडीत राहिली. थोड्या वेळाने मंजुश्री येऊन दोघांच्या मधे बसली आणि आजीच्या सुपातले मूठभर तांदूळ तिने आपल्या ओंजळीत घेतले.